बियांना फ्रिज नव्हे, मे महिना लागतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय का ते कळेल. तुम्ही कोल्हापुरातच राहता, गच्ची मोकळी आहे, रानातली झाडं बियांपासून करायची हौस आहे. मार्चमध्ये रस्त्याकडेच्या बहाव्याच्या शेंगा आणल्या. जूनमध्ये खाल्लेल्या जांभळांच्या बिया धुऊन, कडकडीत वाळवून ठेवल्या. पाहुण्यांनी आजऱ्याहून हिरडे पाठवले. ऑक्टोबरात मसाई पठारावर फिरायला गेलात तेव्हा तेरड्याची थोडी बोंडं मिळाली. मग ‘रानटी बियांना आधी थंडी द्यावी लागते’ असा एक व्हिडिओ पाहून हे सगळं ओल्या टिश्यूत गुंडाळून सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं आणि डिसेंबरच्या मध्यावर ट्रेमध्ये पेरलं. आज दीड महिना झाला. चाळीस बहाव्यांतले दोन वर आले, बाकी सगळा शुकशुकाट. तुम्ही विचारताय की कोल्हापूरची थंडी बियांना सोसली नाही का, आणि ऑनलाइन मिळते ती ट्रेखाली घालायची गरम चटई घेऊ का.

चटई घेऊ नका. ते पैसे ठेवा, मेमध्ये शेडनेटला लागतील.

थंडीचा थोडा दोष आहे, पण मूळ घोटाळा वेगळा आहे. तापमान बियांच्या बाबतीत तीन निरनिराळी कामं करतं आणि आपण तिन्ही एकत्र कालवतो. काही बियांचं कुलूप तापमानामुळं उघडतं. कुलूप उघडल्यावर बी किती दिवसांत रुजणार, हेही तापमानावर असतं. आणि पेरण्याआधी बी किती काळ जिवंत राहणार, हे तिसरं. फ्रिज या तिसऱ्या कामाला चांगला, तोही ठरावीक बियांना आणि कोरडा. तुम्ही तो पहिल्या कामाला वापरलात, ओला वापरलात आणि चारही बियांना सरसकट वापरलात.

मी पंचवीस वर्षं पन्हाळ्याच्या रस्त्याला देशी झाडांची लहानशी रोपवाटिका चालवतो. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. सांगतोय त्यातलं बरंचसं पिशव्या फुकट घालवून शिकलोय.

थंडी देण्याचा सल्ला खोटा नाही, फक्त तो आपल्या गावचा नाही. युरोपात, उत्तर अमेरिकेत, आपल्याकडं काश्मीर-हिमाचलात बी शरद ऋतूत गळतं. ते लगेच रुजलं तर कोवळं रोप पुढच्या बर्फात मरणार. म्हणून सफरचंद, अक्रोड यांसारख्यांच्या बिया ओलाव्यात, शून्य ते दहा अंशांच्या दरम्यान, कित्येक आठवडे थंडी खातात. तेवढी थंडी पोटात गेली की बी ओळखतं, हिवाळा सरला. फ्रिजमधला ओला टिश्यू म्हणजे त्या हिवाळ्याची नक्कल.

आता आपल्याकडं या. तेरडा, सोनकी, कवला ही पठारावरची फुलझाडं पावसाळ्यात फुलतात आणि पाऊस सरता सरता बी टाकून मरतात. त्या बियांपुढं कोणता धोका आहे? कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीतली पहाटही साधारण चौदा-पंधरा अंशांची असते, पन्हाळ्यावर आणखी दोन-तीन अंश कमी. त्यानं रोप मरत नाही. रोप मरतं ते नोव्हेंबरपासून मेपर्यंतच्या कोरडेपणानं. आपल्या बियांना पार करायचा असतो तो उन्हाळा. त्यामुळं त्या थंडी मोजत बसत नाहीत, कोरडी ऊब मोजतात. तुमच्या फ्रिजातले पाच अंश तेरड्याच्या साता पिढ्यांनी पाहिलेले नसतील.

ही कोरडी ऊब काय करते, ते सांगतो. ताजं बी फार चोखंदळ असतं. ते रुजलंच तर तापमानाच्या अगदी अरुंद पट्ट्यात रुजतं, अलीकडं पलीकडं झालं की ओलावा असूनही गप्प बसतं. तेच बी काही महिने कोरडं आणि उबदार राहिलं की हा पट्टा हळूहळू रुंदावतो. जून येईतो त्याचा चोखंदळपणा गेलेला असतो आणि पहिल्या नेटाच्या पावसानं जमीन पंचविशीपर्यंत निवली की ते सुटतं. राधानगरी, गगनबावड्याकडचे शेतकरी रोहिणीत धूळवाफेला भात पेरतात, बी तापल्या मातीत पावसाची वाट बघत पडून राहतं. रानातल्या बियांची अशी धूळवाफ ऑक्टोबरपासूनच सुरू असते, एवढाच फरक.

मग वळीव आला की बिया का फसत नाहीत? खरं तर काही फसतात. एप्रिलमध्ये गारांसकट तासभर झोडपून जातो, आठवड्यात बांधावर हिरवी लव दिसते आणि पुढच्या दहा दिवसांत करपून जाते. ज्यांच्यात वळवाला हुलकावणी द्यायचा गुण होता त्यांची पिलावळ राहिली. काहींचा पट्टा एप्रिलपर्यंत पुरेसा रुंदावलेलाच नसतो. काहींना ओली पण तापलेली माती चालत नाही, त्या अडून बसतात. हे अडून बसणं तुम्ही भाजीपाल्यात पाहिलंच असेल, भर उन्हाळ्यात कोथिंबीर किती नखरे करते ते.

तेरड्याचं मी एकदा करून पाहिलं होतं. एकाच जागेचं बी दोन भागांत केलं. अर्धं नोव्हेंबरातच पेरलं, अर्धं कागदी पुडीत बांधून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकून दिलं. नोव्हेंबरच्या ट्रेत तुरळक रोपं आली, तीही रया गेलेली. माळ्यावरची पुडी मी विसरूनच गेलो होतो. जूनमध्ये सापडली, पेरली, आणि आठवड्याभरात ट्रेत माती दिसेना इतकी दाट उगवण झाली. आमच्या त्या माळ्यावर मेमध्ये माणूस पाच मिनिटं बसू शकत नाही.

आता बहावा. इथं कुलूप वेगळं आहे. बहाव्याच्या शेंगेत दर बीला स्वतःची खोली असते, आत काळा चिकट गर आणि चपटं, तपकिरी, गुळगुळीत बी. त्याच्या कवचातून पाणीच आत जात नाही. शिकेकाई, गुंज हेही याच वळणाचे. (गुंज हाताळणार असाल तर लहान मुलांपासून दूर ठेवा, बी फोडलं की ते जहाल विष आहे.) असं बी तुम्ही ओल्या टिश्यूत सहा आठवडे नव्हे, सहा महिने ठेवलंत तरी आतून ठणठणीत कोरडं राहणार. म्हणजे तुमच्या अडतीस बहाव्यांना फ्रिजमध्ये काही झालंच नाही. ना फायदा, ना तोटा. उगवलेल्या दोघांच्या कवचाला शेंग फोडताना कुठं तरी टवका उडाला असेल.

रानात हे कवच कोण उघडतं? दिवसरात्रीच्या तापमानातला फरक हे त्यातलं मोठं कारण. गेल्या मेमध्ये मी काचेचा थर्मामीटर घेऊन रोपवाटिकेच्या मागच्या उघड्या जमिनीवर बसलो होतो. दुपारी दोनला मातीच्या अगदी पृष्ठभागावर ५९ अंश. बोटाचं दीड पेर खाली ४१. शेजारी आंब्याखालच्या पाचोळ्यात ३३. पहाटे तोच उघडा पृष्ठभाग २३ वर आलेला. म्हणजे वर पडलेलं बी रोज छत्तीस अंशांचा झोका घेत होतं आणि पाचोळ्यातल्या बीला जेमतेम सात-आठ अंशांचा. अशा झोक्यांनी कवच रोज ताणतं, आकसतं. शेंगवर्गातल्या बियांना नाळेच्या खुणेजवळ एक कमकुवत जागा असते, बऱ्याच जातींत ती आधी तडकते आणि पाण्याला दार मिळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या पिकावर याचा १९६०च्या दशकात चांगला अभ्यास झाला. रोज पंधरा ते साठ अंशांचा झोका मिळाला की त्याचं कठीण बी मऊ पडत जातं, असं तिथं दिसलं. आपल्या मेची दुपार त्याच्याच जवळपास जाते.

हा झोका बीला आणखी एक बातमी देतो. मोठा झोका म्हणजे वर सावली नाही, आणि बी फार खोलही गेलेलं नाही. लहान झोका म्हणजे डोक्यावर झाडोरा आहे किंवा वर हातभर माती आहे. पुष्कळ गवतांच्या आणि तणांच्या बारीक बिया याच बातमीवर ठरवतात, उठायचं की झोपायचं. म्हणून झाड तोडलेल्या जागी अचानक तण माजतं. बी तिथं आधीपासूनच होतं. माझे काही बारीक बियांचे ट्रे शेडखाली महिनाभर ढिम्म राहिले आणि पत्र्याच्या भिंतीशी, उन्हात हलवल्यावर आठवड्यात हलले. तिथं उजेडही वाढला होता, त्यामुळं सगळं श्रेय झोक्याला देत नाही. वड, उंबर, पिंपळ यांच्या बियांना तर उजेड लागतोच, त्या मातीखाली गाडू नयेत.

बहाव्यासाठी मात्र तुम्हाला दोन उन्हाळे थांबायचं कारण नाही. नेलकटर घ्या. बीच्या एका टोकाला नाळेची बारीक खूण दिसते, तिच्या विरुद्ध बाजूच्या काठावर कवचाचा लहानसा टवका उडवा. आतला पांढुरका भाग दिसला की थांबा, त्यात शिरू नका. असं बी साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी वाटीत दोन जाती दिसतील. काही बिया दुपटीनं फुगलेल्या, चमक गेलेल्या, बोटाला बुळबुळीत लागणाऱ्या. त्या पेरा. काही जशाच्या तशा, नाणं टाकल्यासारखा आवाज करणाऱ्या. त्यांना दुसरा टवका. शेकड्यानं करायच्या असतील तर पाणी उकळून गॅस बंद करा, पाच-सात मिनिटांनी वाफ जरा बसली की बियांवर ओता आणि त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. उकळत्या पाण्यात मात्र बिया घालून चुलीवर ठेवू नका, ती उसळ होते. एक सांगतो, गरम पाणी सगळ्या बियांना चालतं असं समजू नका. ते फक्त या पाणीबंद कवचांना. तेरड्यावर ओताल तर मेला.

जांभळाबद्दल वाईट बातमी आहे. त्या बिया फ्रिजमध्ये जाण्याआधीच गेल्या होत्या. जांभूळ, कोकम, फणस, आंबा यांच्या बियांना वाळणं सोसत नाही. या गटाला हट्टी बिया म्हणतात. त्या झाडावरून पडतात त्याच मुळी ओल्या आणि जाग्या, झोप हा प्रकारच नाही. त्यांचं बारसं पावसाच्या तोंडावर असतं, मग कशाला झोपायचं? फणसाची आठळी ओलसर कोपऱ्यात राहिली की मोड काढते, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. अशा बियांना कोरडेपणा मारतो आणि वाचल्याच तर थंडी मारते. यांतल्या पुष्कळ जातींना दहा-पंधरा अंशांखालीच इजा होते आणि फ्रिज असतो चार-पाचचा. माझ्या पहिल्या वर्षी मीही जांभळाच्या पाटीभर बिया आठ दिवस गच्चीवर वाळवल्या होत्या, अगदी डाळ वाळवावी तशा. शेजारच्या काकू चूर्णाला म्हणून घेऊन गेल्या, तेवढाच उपयोग झाला. जांभळाचं एकच तंत्र आहे. सकाळी खा, संध्याकाळपर्यंत पेरा. फार तर ओलसर वाळूत, सावलीत आठवडा-दोन आठवडे. तापमानाची चिंताच नको, जूनची माती बरोबर तेवढीच असते. एका बीतून दोन-तीन रोपं आली तर दचकू नका, जांभळाची ती रीत आहे.

हिरड्याचं उत्तर एका वाक्यात येत नाही. त्याचं बी कठीण आठीच्या आत असतं. पाणी शिरतं, पण सावकाश, आणि ती आठी कुजून ढिली व्हायला काळ जातो. त्यात आपल्या भागात बहुतेक झाडांची फळं कोवळी असतानाच बाळहिरडा म्हणून उतरवली जातात. पाहुण्यांनी पाठवलेले जर काळे, सुरकुतलेले, लहान असतील तर ते बाळहिरडेच. पोट साफ करायला उत्तम, पेरायला निरुपयोगी. पेरायला झाडाखाली पिकून पडलेला, पिवळसर, भरलेला हिरडा लागतो. मी गर काढतो, आठ्या शेणकाल्यात दोन-तीन आठवडे कुजत ठेवतो, मग धुऊन वाफ्यात. काला थोडा तापतो, ओलावा धरतो, कुजणं सुरू होतं. नेमकी किती ऊब लागते, हे मी मोजलेलं नाही, पण थंडीत घातलेला काला बसून राहतो आणि एप्रिलात घातलेला लवकर काम करतो, हे दर वर्षी दिसतं. सागाचं असंच थोडं आहे. रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात पसरायचं, असं दहा-बारा दिवस. आणि सागाचं ताजं बी घेण्यापेक्षा वर्षभर जुनं बी जास्त चांगलं उगवतं, हे कुठलाही जुना माळी सांगेल.

आता वेगाचं. तुमच्या डिसेंबरच्या पेरणीनं काय बिघडलं, ते इथं आहे. प्रत्येक बीचं एक खालचं तापमान असतं, त्याच्या खाली काम बंद. त्याच्या वर जितके अंश मिळतील तितके रोज खात्यात जमा होतात. समजा एखाद्या बीचं खालचं तापमान दहा अंश आहे आणि रुजायला एकूण १२० अंश-दिवस लागतात. सरासरी तीस अंशांची माती असेल तर रोज वीस जमा होतात, सहा दिवसांत काम होतं. सरासरी अठरा असेल तर रोज आठच, मग पंधरा दिवस. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण हिशेब असाच चालतो. दुपारी गच्चीवर उबदार वाटतं म्हणून फसू नका. उथळ ट्रेमधली मूठभर माती रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही निवते. आणि ते जास्तीचे नऊ दिवस बी ओल्या मातीत फुगून पडलेलं असतं, बुरशीला ताट वाढल्यासारखं. लोक म्हणतात थंडीनं बी मेलं. थंडीनं त्याला रेंगाळत ठेवलं आणि बुरशीनं खाल्लं. वरचीही मर्यादा असतेच. मेमध्ये काळ्या पिशव्या उघड्या उन्हात ठेवल्या तर बाजूची माती इतकी तापते की कोवळं मूळ भाजतं. शेडनेटचं म्हणालो ते यासाठी, निम्मं ऊन अडवणारं पुरे.

हे सगळं सांगूनही काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्याच लागतात. एकाच झाडाच्या दोन वर्षांच्या बिया सारख्या वागत नाहीत, कारण बी झाडावर पक्व होताना जे तापमान होतं त्याचाही ठसा राहतो. गगनबावड्याच्या धुक्यातलं झाड आणि शहरातल्या डांबराशेजारचं झाड, जात एक असली तरी बियांचा स्वभाव थोडा वेगळा येतो. म्हणून मी पाकिटावर जातीच्या जोडीला जागा आणि महिना लिहितो. आणि अभयारण्यातून बी उचलू नका, दाजीपूरला गेलात तरी. तिथं कायद्यानं मनाई आहे, आणि रस्त्याकडेची झाडं आपल्याला पुरतात.

फ्रिज अगदीच वाया नाही. बहावा, खैर, शिकेकाई यांचं चांगलं वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या अवस्थेत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. बियाणं साठवणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, आणि बीमधला ओलावा एक टक्क्यानं उतरला तरी दुप्पट. टिश्यू ओला केलात की हा ठोकताळा उलटा फिरतो.

तर आता फेब्रुवारीच्या तोंडावर तुम्ही काय करावं. बहाव्याच्या बिया मातीतून वेचून काढा, बोटानं दाबा. कडक लागतील त्या जिवंत आहेत. पुसून ठेवा, मार्चअखेर रात्री उबदार झाल्या की नेलकटर. जांभळाचं विसरा, जूनमध्ये ताजं. तेरड्याच्या ट्रेला पाणी बंद करा, तसाच कोरडा गच्चीवर राहू द्या. फ्रिजातल्या ओलाव्यानं किती बी कुजलं ते आत्ता सांगता येत नाही, पण जे उरलं असेल ते पावसात दिसेल. आणि हिरड्याचा ट्रे फेकू नका. एकदा दोन पावसाळ्यांपूर्वीचे, ‘मेले’ म्हणून मी गोठ्यामागं ओतलेले हिरडे जुलैत वर आले होते, अकरा रोपं, शेण्यांच्या ढिगाला खेटून. त्यातली चार अजून आमच्या बांधावर आहेत. ट्रेवर पेरल्याची तारीख आजच लिहा, पेन्सिलीनं. मार्करची शाई मेच्या उन्हात उडून जाते.